समुद्र कधीच मुका नव्हता

भांडीकुंडी आवरून, पोरांना अभ्यासाला बसवून तुम्ही रेडिओ लावला असेल. आज बचतीचा किंवा कर्जाचा विषय नाही. आज एक इतिहास सांगणार आहे, समुद्राचा. आपल्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र अजून पाहिलेला नाही. तरीही ही गोष्ट आपल्या ओळखीची वाटेल, कारण तिची सुरुवात माझ्यासाठी एका बचत गटाच्या बैठकीत झाली.

मागच्या लग्नसराईत मी एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. शेजारच्या गल्लीत हळदीचा डीजे चालू होता. सचिव ताई हप्ते वाचत होत्या. त्या म्हणाल्या पाचशे, खजिनदार ताईंनी लिहिले तीनशे. भिंतीवरचं घड्याळ थरथरत होतं. एक आजी छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. ज्यांच्या ओसरीवर बैठक होती, त्यांची म्हैस दावं तोडायला बघत होती. संध्याकाळी तिनं धार काढू दिली नाही, दुसऱ्या दिवशीही दूध चोरलं. त्या ताई मला म्हणाल्या, "आपण निदान शिव्या तरी देतो. तिनं कुणाला सांगायचं?"

तो प्रश्न डोक्यात घेऊन मी वाचायला बसले, तेव्हा पाण्याखालच्या गोंगाटाची माहिती मिळाली. समुद्रातल्या जनावरांनाही असाच त्रास होतो, आणि तो आपण माणसंच देतो. पण माणसाला हे कळलं कसं? ज्याला जखम नाही, वास नाही, डाग नाही, असं नुकसान सिद्ध कुणी केलं? तीच आजची गोष्ट.

आधी पाण्यात आवाज कसा चालतो ते बघू. १८२६ साली स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवरावर दोन माणसांनी एक प्रयोग केला. त्यांची नावं कोलाडों आणि स्टुर्म. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली. रात्रीच्या अंधारात घंटेचा टोला आणि दारूचा भडका एकाच क्षणी होईल अशी व्यवस्था केली. तेरा किलोमीटरहून जास्त अंतरावर दुसरी होडी होती. तिथला माणूस एक लांब कर्णा पाण्यात बुडवून कान लावून बसला होता. भडका दिसला की घड्याळ चालू, टोला ऐकू आला की बंद. हिशेब निघाला: पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४३५ मीटर धावतो. हवेत तो साधारण ३४० मीटर धावतो. म्हणजे पाण्यात चौपटीहून जास्त वेग. शिवाय पाण्यात तो फार लांबवर टिकतो.

उजेडाचं मात्र उलटं आहे. समुद्रात दोनशे मीटर खाली गेलं की सूर्याचा प्रकाश जवळजवळ संपतो. मग तिथे राहणाऱ्यांनी वाट कशी शोधायची, पोर हरवलं तर कसं हुडकायचं, जोडीदार कसा मिळवायचा? कानानं. त्यांचे कान म्हणजेच त्यांचे डोळे. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट मनात धरून ठेवा.

माणसाला हे ठाऊक नव्हतं. समुद्राच्या पोटात शांतताच असते असं लोक समजत होते. फ्रान्सच्या कुस्तो नावाच्या प्रसिद्ध दर्यावर्दी संशोधकानं १९५६ साली समुद्राखालच्या जगावर सिनेमा काढला, त्याचं नावच होतं 'मूक जग'. त्या सिनेमाला जगातली मोठी बक्षिसं मिळाली.

खरं तर तोवर लढायांमुळे त्या मूक जगाचा आवाज माणसाच्या कानी पडला होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. त्या दिसत नव्हत्या, म्हणून पाण्यात मायक्रोफोन सोडून त्यांची घरघर ऐकायची सोय झाली. पुढे सोनार नावाचं यंत्र निघालं. आपल्या दागिने घडवणाऱ्या सोनाराशी याचा काही संबंध नाही बरं का. विहिरीत वाकून हाक मारली की ती घुमून परत येते, तसं हे यंत्र पाण्यात मोठा आवाज सोडतं. तो पाणबुडीवर आपटून परत आला की ती कुठे आहे ते कळतं.

दुसऱ्या महायुद्धात सैनिक कानाला यंत्र लावून बसले, तर त्यांना तडतड, गुरगुर, ढुमढुम असं काय काय ऐकू येऊ लागलं. एका जातीची लहानशी कोळंबी आपली नांगी इतक्या जोरात मिटते, की हजारो जणी एकत्र असल्या म्हणजे कढईत लाह्या फुटल्यासारखा आवाज होतो. नौदलाची पंचाईत झाली. यातलं शत्रूचं काय आणि माशाचं काय?

याचं उत्तर शोधायला बसली एक बाई. तिचं नाव मेरी पोलंड फिश. आडनावच फिश, म्हणजे मासा. अमेरिकेत ऱ्होड आयलंड इथल्या समुद्र-प्रयोगशाळेत तिनं वर्षानुवर्षं एकेका जातीचा मासा घेऊन त्याचा आवाज टिपला. तीनशेहून जास्त जातींचे आवाज तिनं गोळा केले. कोणता मासा काय करताना कसा बोलतो, याची जणू नोंदवहीच तयार केली. १९६६ साली अमेरिकन नौदलानं तिचा मोठा सन्मान केला. आपल्या कोकणात ज्याला घोळ म्हणतात, तो मासा अशाच गुरगुरणाऱ्या माशांच्या कुळातला. त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते. स्नायूंनी ती थरथरवून ते ढोलासारखा आवाज काढतात.

मग आले देवमासे. बर्म्युडा नावाच्या बेटावर नौदलासाठी काम करणारा फ्रँक वॉटलिंग्टन नावाचा अभियंता होता. पाणबुड्यांसाठी सोडलेल्या मायक्रोफोनमध्ये त्याला लांबलचक, हुंदक्यांसारखे सूर ऐकू आले. ते कुबडवाल्या देवमाशांचे होते. शिकाऱ्यांना कळलं तर ते या आवाजाच्या मागावर जातील, म्हणून त्यानं ते कुणाला फारसे ऐकवले नाहीत. शेवटी ते त्यानं रॉजर पेन आणि केटी पेन या नवरा-बायकोच्या हाती दिले. केटी संगीत शिकलेली होती. तिच्या कानानं आणि कागदावर काढलेल्या आवाजाच्या आकृत्यांवरून लक्षात आलं, की हे नुसतं ओरडणं नाही. त्यात ओळी आहेत, कडवी आहेत. आणि आपल्या जात्यावरच्या गाण्यात जशी दर पिढी नवी भर घालते, तसं हे गाणंही दर वर्षी थोडं थोडं बदलतं.

१९७० साली या गाण्यांची तबकडी निघाली आणि जगभर खपली. ज्यांनी देवमासा फक्त तेलासाठी मारायचं जनावर म्हणून पाहिला होता, त्यांनी त्याला गाताना ऐकलं. देवमाशांच्या शिकारीविरुद्ध जनमत उभं राहिलं त्यात या तबकडीचा मोठा वाटा होता. १९८२ साली धंद्यासाठीची शिकार थांबवायचा जागतिक ठराव झाला आणि १९८६ पासून तो लागू झाला.

इथे एक आपल्या घरची गोष्ट सांगते. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली आहे, पृथ्वीवरचे आवाज भरलेली. तिच्यात ५५ भाषांतला नमस्कार आहे, त्यात मराठीही आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि देवमाशाचं गाणंही आहे. दूरच्या कुणाला तरी ऐकवण्यासाठी माणसानं देवमाशाचा सूर आपल्या केसरबाईंच्या सोबतीनं पाठवला.

मैत्रिणींनो, दुःखाची गोष्ट अशी की हे गाणं आपण अवकाशात पाठवत होतो, त्याच वर्षांत खाली समुद्रात ते बुडत चाललं होतं.

कारण जहाजं. मोठ्या जहाजाचा पंखा पाण्यात जोरात फिरला की त्याच्याभोवती असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात. त्याचा सतत घरघरणारा खर्ज तयार होतो. मोठे देवमासेही त्याच खर्जात बोलतात. त्यांची हाक शेकडो किलोमीटरवर पोचावी अशी निसर्गाची रचना आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात १९६० च्या दशकात नौदलानं या खर्जाची मोजणी केली होती. चाळीस वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजलं, तर तो दहा ते बारा डेसिबलनं वाढलेला निघाला. दहा डेसिबल हा आकडा लहान दिसतो, पण त्याचा अर्थ आवाजाची ताकद दहापट. जुनी मोजणी कुणी जपून ठेवली नसती, तर नव्या आकड्याला अर्थच उरला नसता.

ही जहाजं कुणाची, असं विचाराल तर उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. जगातल्या व्यापाराच्या मालापैकी वजनानं ऐंशी टक्क्यांहून जास्त माल समुद्रातून जातो. इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, परदेशातलं सूर्यफूल तेल, शेतात टाकायचं पोटॅश, हातातला मोबाइल, सगळं जहाजानं येतं. म्हणून दोष दुसऱ्याला देऊन मोकळं होता येत नाही.

जहाजाचा आवाज म्हणजे रोजचा त्रास. सोनारचा आवाज मात्र एखाद्याचा जीव घेऊ शकतो. हे तीन ठिकाणी उघड झालं.

पहिलं ठिकाण ग्रीस. मे १९९६ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर एक-दोन दिवसांत डझनभर चोचवाले देवमासे वाळूवर येऊन पडले. हा प्राणी फार खोल पाण्यात राहणारा, किनाऱ्याला सहसा येत नाही. अलेक्झांड्रोस फ्रांट्झिस या संशोधकानं जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा कळलं की त्याच दिवसांत तिथल्या समुद्रात लष्करी संघटनेचं जहाज नव्या सोनारची चाचणी करत होतं. १९९८ साली त्यानं हे छापलं. पण केवळ योग जुळला असेल, असं म्हणायला जागा होती.

दुसरं ठिकाण बहामा बेटं, मार्च २००० मधली गोष्ट. तिथे केन बाल्कम आणि डायन क्लॅरिज हे दोघं अनेक वर्षं देवमाशांचे फोटो काढून, कुणाच्या पाठीवर कुठला व्रण आहे ते पाहून, एकेकाची ओळख नोंदवत होते. एके सकाळी बाल्कमच्या घरासमोरच एक देवमासा वाळूवर आला. दोन दिवसांत सतरा प्राणी किनाऱ्याला लागले. लोकांनी काहींना ढकलून खोल पाण्यात परत पाठवलं, काही मेले. बाल्कम पूर्वी नौदलात होता, त्यामुळे काय झालं असेल याचा त्याला अंदाज आला. त्यानं मेलेल्यांची डोकी कापून फ्रीजरमध्ये जपली. ऐकायला कसंतरी वाटतं, पण तोच पुरावा ठरला. तपासणीत कानांच्या आसपास रक्तस्राव सापडला. २००१ च्या अखेरीस खुद्द अमेरिकन नौदलानं आणि सरकारी खात्यानं मिळून अहवाल दिला, की याचं सर्वांत संभवनीय कारण नौदलाचा सोनार हेच आहे.

तिसरं ठिकाण स्पेनची कॅनरी बेटं. सप्टेंबर २००२ मध्ये तिथे अनेक देशांच्या नौदलांचा सराव होता. सोनार सुरू झाल्यावर काही तासांतच चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागू लागले. एकूण चौदा. तिथल्या पशुवैद्यांनी ताजी शरीरं तपासली, तर रक्तवाहिन्यांत आणि यकृतात वायूचे बुडबुडे. खोल पाण्यातून घाईनं वर आलेल्या पाणबुड्या माणसाला जो आजार होतो, तशाच खुणा. अंदाज असा, की आवाजाला घाबरून त्यांचा पोहण्याचा, वर येण्याचा नेम बिघडतो आणि शरीराला ते झेपत नाही. जो प्राणी तीन किलोमीटरपर्यंत खोल जाऊ शकतो, तो भीतीनं मरतो.

स्पेननं मात्र २००४ साली निर्णय घेतला: या बेटांच्या आसपास असा सोनार वापरायचा नाही. २०१३ साली त्याच पशुवैद्यांनी हिशेब मांडला, तर बंदीनंतर तिथे असे कळपानं मरण्याचे प्रसंग झालेच नव्हते.

सगळीकडे हे जमलं असं नाही. अमेरिकेत २००८ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नौदलाच्या बाजूनं लागला. देशाच्या रक्षणासाठी सराव लागतो, हे न्यायालयाचं म्हणणंही डावलता येत नाही. पण सराव कुठे करायचा आणि कुठे टाळायचा, एवढा प्रश्न तरी उरतोच.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. कॅनडाजवळ फंडीची खाडी आहे. तिथे राइट व्हेल नावाचे देवमासे येतात. शिकारीनं ते इतके संपवले, की आज उत्तर अटलांटिकमध्ये चारशेसुद्धा उरलेले नाहीत. रोझालिंड रोलंड ही बाई त्यांच्या तब्येतीचा अभ्यास करत होती. पण एवढ्या मोठ्या, पोहणाऱ्या जनावराचं रक्त कसं काढणार? मग तिनं त्यांचं शेण गोळा करायला सुरुवात केली. ते पाण्यावर तरंगतं. पुढे तर वासावरून ते शोधणारे शिकवलेले कुत्रे ती होडीतून नेऊ लागली. त्या शेणातून ताणाच्या वेळी शरीरात वाढणारा रस मोजता येतो. शेणावरून जनावराची तब्येत ओळखणं आपल्याला काही नवीन नाही, नाही का?

२००१ साली ती हे काम करत होती. त्याच खाडीत सुझन पार्क्स ही दुसरी संशोधक देवमाशांचे आवाज टिपत होती. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमधल्या इमारतींवर विमानं आदळली. जगाला धक्का बसला आणि काही दिवस जहाजांची वाहतूक थंडावली. दोघी आपापलं काम करत राहिल्या. पुढे दोघींच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं की त्या दिवसांत पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलनं, म्हणजे ताकदीनं पाव हिश्श्यावर आला होता. आणि देवमाशांच्या शेणातला ताणाचा रस कमी झाला होता. नंतरच्या वर्षांत त्याच दिवसांत तो तसा उतरला नाही. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्या गोंगाटानं देवमाशांना कायमचा ताण येतो, याचा पहिला ठोस पुरावा दोन बायकांच्या वहीत सापडला.

पार्क्सनं पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. नुकतीच व्यालेली राइट व्हेल आपल्या पिलाशी अगदी हळू आवाजात, कुजबुजल्यासारखी बोलते. शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. जहाजांच्या घरघरीत ती कुजबुज पिलापर्यंत कशी पोचणार?

आणि हा प्रश्न केवळ देवमाशांचा नाही. समुद्राच्या तळाशी तेल आहे का हे पाहायला जहाजं पाण्यात हवेच्या तोफा उडवतात, दर काही सेकंदांनी एक, दिवसचे दिवस. नॉर्वेच्या संशोधकांनी १९९२ साली असा प्रयोग केला, तर कॉड माशाची जाळ्यातली पकड निम्म्यावर आली आणि तोफा थांबल्यावर पाच दिवसांतही पूर्ववत झाली नाही. ज्या मैत्रिणींचं घर मासळीवर चालतं, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. आपल्या गंगेतला डॉल्फिन तर जवळजवळ आंधळा आहे. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान मिळाला. तो सगळं आवाजावर शोधतो. बिहारमध्ये त्याचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं, की उन्हाळ्यात पाणी कमी आणि बोटी जास्त झाल्या की त्याला आपला आवाज बदलावा लागतो आणि जास्त शक्ती खर्चावी लागते.

मग उपाय काय? मैत्रिणींनो, हा भाग आशेचा आहे. प्लास्टिक समुद्रात पडलं की पिढ्यान्पिढ्या राहतं. आवाजाचं तसं नाही. बटण बंद केलं की तो त्याच क्षणी संपतो. कॅनडात व्हँकुव्हर बंदरानं २०१७ साली जहाजांना विनंती केली, की ओर्का देवमाशांच्या वाटेवर वेग कमी करा. तिथे जेमतेम पाऊणशे ओर्का उरले आहेत, आणि मासे कमी असतात त्या वर्षी कळपातल्या म्हाताऱ्या माद्याच पुढे होऊन खाद्याची जागा दाखवतात. बहुतेक जहाजांनी विनंती मानली आणि पाण्याखालचा आवाज खरोखर कमी झाला. चांगल्या बनावटीचा पंखा बसवला तरी फरक पडतो. २०१४ साली जहाजांच्या जागतिक संघटनेनं आवाज कमी करण्याच्या सूचना काढल्या, २०२३ साली त्या सुधारल्या. पण त्या सूचनाच आहेत, सक्ती नाही. आपल्याकडे २००० सालापासून रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदीचा नियम आहे. समुद्रात अजून रात्रीचे दहा वाजलेले नाहीत.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट दिसली. सोसणारा बोलू शकत नव्हता. ज्यांनी रोजच्या रोज तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवला, त्यांनी त्याच्या वतीनं साक्ष दिली. वही नसती तर मोठ्या नौदलापुढे कुणाचं काय चाललं असतं?

आता आपल्या त्या म्हशीकडे येते. पुढच्या बैठकीत आम्ही त्या ताईंचं डेअरीचं पुस्तक काढलं. डीजेच्या आदल्या दिवसापर्यंतचं दूध आणि नंतरच्या दोन दिवसांचं दूध, लिटरसकट लिहिलेलं होतं. आम्ही ते आकडे गटाच्या इतिवृत्तात उतरवले. खाली डीजे किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, आजींना कधी त्रास झाला, तेही लिहिलं. सगळ्या जणींनी सह्या केल्या आणि ग्रामसभेत ते वाचून दाखवलं. डीजे गावातून गेला असं सांगणार नाही, पण त्यानंतरच्या दोन लग्नांत तो दहाला बंद झाला आणि गोठ्याकडची भिंत सोडून दुसरीकडे तोंड करून लावला गेला.

तुमच्या गावातही गोंगाटाचा त्रास असेल, माणसाला, गुराला, पाखराला. गटाच्या वहीत त्याची एक नोंद सुरू करा, आणि पुढच्या महिन्यात तुमची नोंद आम्हाला कळवा. आपण ती याच कार्यक्रमात वाचू. येते मैत्रिणींनो, नमस्कार.